साईडपट्टीचे मानकरी

आळेफाट्याचा चौक ज्यानं संध्याकाळी पाहिला नाही, त्याला घाई म्हणजे काय ते पुरतं कळलेलं नाही. पुणे-नाशिक हा ६० नंबरचा आणि कल्याण-नगर हा ६१ नंबरचा, असे दोन राष्ट्रीय महामार्ग इथं एकमेकांना छेदून जातात, आणि चारही दिशांच्या माणसांना वाटतं की उरलेल्या तीन दिशा केवळ आपल्याला अडवायला आल्या आहेत. टोमॅटोच्या पिकअपला रात्रीत वाशी मार्केट गाठायचं असतं. माळशेज चढून आलेल्या कल्याणकरांना शिर्डीची शेजारती चुकवायची नसते. कांद्याचा ट्रॅक्टर उपबाजारात नंबर लावायला निघालेला असतो. एसटीला तर उशीर भरून काढायचाच असतो. तो नेमका कुठं झाला, हे आता तिलाही आठवत नसतं.

या गदारोळात कसलीच घाई नसलेलं एक वाहन असतं. कॅरिअरवर घासाचा भारा, हँडलला दुधाची रिकामी किटली आणि मध्ये कुठंतरी टोपी घातलेले एक आबा. भारा हँडलपेक्षा रुंद. मागून पाहणाऱ्याला सायकल दिसत नाही, आबाही दिसत नाहीत. हिरवा घासच आपल्या पायांनी गोठ्याकडं निघालाय असं वाटतं. परगावच्या ड्रायव्हरला याचं नवल वाटत असेल, आळ्याला नाही. ज्या गावात वेद बोललेल्या रेड्याची समाधी आहे, तिथं चालत्या घासाचं कुणाला काय कौतुक!

पैठणला ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले, पुढं ती भावंडं नेवाशावरून आळंदीकडं परतताना रेडाही सोबत होता, आणि आळ्यात त्यानं देह ठेवला, अशी इथली श्रद्धा आहे. समाधीचं मंदिर आहे, चैत्रात यात्रा भरते. मला या कथेत वेदांइतकंच त्या चालण्याचं अप्रूप वाटतं. पैठण ते आळे हे अंतर काही थोडं नाही. चार भावंडं आणि एक रेडा एवढा लवाजमा वाटेनं चालला असताना समोरून येणाऱ्या बैलगाडीनं काय केलं असेल? गाडीवानानं कासरा ओढला असेल, गाडी जरा अंगाला घेतली असेल, हात जोडले असतील आणि पुढं गेला असेल. आज तोच प्रवास करायचा तर नगर रस्त्यानं यावं लागेल आणि निवृत्तिनाथांना दर शंभर पावलांवर ‘एका ओळीत चला’ म्हणून सांगावं लागेल.

रस्ता हा या मुलखाचा फार जुना व्यवसाय. सातवाहनांच्या काळी पैठणकडचा माल जुन्नरवरून नाणेघाट उतरून कोकणातल्या बंदरांकडं जायचा. घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून आहे. आता जकात चाळकवाडीच्या टोलनाक्यावर फास्टॅगनं कापली जाते आणि रांजणाची जागा बँकेतल्या शिलकीनं घेतली आहे. सायकलला टोल नाही. ही तशी सवलत; पण तिच्यातून एक समज हळूहळू तयार झाला, की ज्यानं टोल भरला नाही त्यानं रस्त्यावर आपलं काही आहे असं मानू नये. टोल मोटारसायकलीलाही नाही, पण हा समज तिला लागू होत नाही. तिला हॉर्न आहे.

रविवारी सकाळी फाट्यावर दुसऱ्या पंथाचा सायकलवाला दिसतो. हा पुण्याहून पहाटे निघालेला. डोक्यावर हेल्मेट, अंगावर घट्ट रंगीत कपडे, मागं दिवसाढवळ्या लुकलुकणारा लाल दिवा. त्याची सायकल एका बोटावर उचलता येते. किंमत मात्र कुणालाच उचलवत नाही. यांच्यातले काही ब्रेव्हे नावाच्या व्रताचे असतात. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे, रात्री रिफ्लेक्टरचं जाकीट आणि दिवे सक्तीचे, आणि शेवटी बक्षीस म्हणून काही नाही. नाशिकच्या महाजन बंधूंनी, हितेंद्र आणि महेंद्र या डॉक्टर भावांनी, २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत जोडीनं पूर्ण केली, तेव्हापासून या महामार्गावर असे लोक वाढले असावेत, असा माझा अंदाज. चहाच्या टपरीवर दोन्ही पंथांची भेट होते तेव्हा संवाद असा होतो:

“कुठून आलात साहेब?”

“पुण्याहून.”

“एसटी बंद हाये का?”

“नाही, सहज. व्यायाम म्हणून.”

“बरं. मग आता?”

“आता परत पुण्याला.”

आबा थोडा वेळ बशीतला चहा फुंकतात. मग फार आपुलकीनं विचारतात, “इथलं काम झालं का पण?”

या दोघांना एकमेकांचं काही कळत नसेल, पण पिकअपवाल्याच्या लेखी दोघं एकच. तो दोघांबद्दलही हेच सांगतो: “सायकल मधी आली.” सायकल नेहमी मधीच येते. रस्त्याच्या अगदी कडेनं, बाभळीच्या फांद्या चुकवत चाललेली सायकलसुद्धा पिकअपवाल्याच्या जबानीत मधीच आलेली असते.

मग तिनं जायचं कुठून? साईडपट्टीनं, असं सगळे सांगतात. सांगणाऱ्यांनी साईडपट्टी अलीकडं पाहिलेली नसते. पावसाळा सरला की डांबराची कड आणि मुरूम यांच्यात टीचभर पायरी पडते. सायकलचं चाक तिच्यावरून खाली उतरतं ते सुखानं. वर चढताना मात्र ते कडेला तिरकं घासतं आणि माणूस थेट डांबरावर आडवा होतो. एकदा खाली गेलेल्यानं पुन्हा वर येऊच नये, अशी ती रचना. शिवाय साईडपट्टी रिकामी असते कुठं? तिच्यावर रसवंती असते आणि रसवंतीपुढं थांबलेल्या गाड्या. वाळत घातलेला मका असतो. भावी सदस्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचे बांबू असतात. वडापच्या जीपा असतात. आणि हे सगळं चुकवून जी वीतभर वाट उरते तिच्यावरून उलट्या दिशेनं एक मोटारसायकल येत असते, तिघांना घेऊन. साईडपट्टीचा मान सायकलला दिलेला आहे खरा, पण देवळातल्या मानासारखा तो घ्यायला गेलं की आधीच पाच जण उभे असतात.

सायकलसाठी वेगळा ट्रॅक राखला असेल तर त्यावर मोटार नेऊ नये, असं आपल्या रस्त्याच्या नियमांत पूर्वीपासून लिहिलेलं आहे. राखला असेल तर. पुण्यात असे ट्रॅक आहेत. ते कुठूनही सुरू होतात आणि रोहित्राच्या खांबाशी संपतात; त्यांच्यावरून मोटारसायकली जातात आणि सायकली रस्त्यावरून. गंमत अशी की हेच पुणं कधीकाळी सायकलींचं शहर होतं आणि तेव्हा सायकलवाल्याला शिस्तीचा केवढा जाच होता! सायकलचा कर भरून पत्र्याचा बिल्ला घ्यायचा. रात्री दिवा नसला की पोलीस अडवणार. डबलसीट बसवलं तरी अडवणार. डायनॅमो बिघडला म्हणून कागदाच्या नळकांड्यात मेणबत्ती धरून घरी परतलेले लोक अजून हयात आहेत आणि ते ही गोष्ट नातवंडांना सांगतात. नातवंडांना ती अर्थातच खोटी वाटते. म्हणजे रस्त्यावर अंगावर येण्यासारखं फारसं काही नव्हतं तेव्हा सायकलला दिवा सक्तीचा होता, आणि आता ताशी शंभरानं गाड्या जातात तेव्हा तिच्याकडं कुणी साधी चौकशीही करत नाही. बिल्ला हा जाच होता खरा, पण ‘तुम्ही रस्त्यावर आहात हे आम्ही पाहिलं आहे’ असं सरकार त्यातून कबूल करत होतं.

जबाबदारी कुणाची, हा वाद मला शाळेतल्या गणितानं सोडवावासा वाटतो. आबा, सायकल आणि घास मिळून शंभर किलो धरा. भरलेला ट्रक सोळा टन. वजनात तो १६० पट झाला. आबा ताशी पंधरानं जातात, ट्रक साठनं. वेग चौपट, पण आदळण्याच्या हिशेबात वेगाचा वर्ग होतो, म्हणजे सोळा पट. दोन्ही गुणा. अडीच हजार पटींच्या वर आकडा जातो. आता ज्याच्याकडं अडीच हजार रुपये आहेत आणि ज्याच्याकडं एक रुपया आहे, त्या दोघांनी वर्गणी सारखी द्यावी असं कोणतंही गणेश मंडळ म्हणणार नाही.

ब्रिटननं हे तत्त्व जानेवारी २०२२ मध्ये आपल्या हायवे कोडमध्ये लिहून घेतलं: ज्याच्या हातून जास्त इजा होऊ शकते, त्याच्यावर सांभाळून चालवण्याचा जास्त भार. नेदरलँड्समध्ये मोटार आणि सायकलची टक्कर झाली की भरपाईचं ओझं बहुतेक वेळा मोटारवाल्यावर येतं. त्यांना हे सुचायला बराच काळ लागला. आळेफाट्याच्या गर्दीला दोन मिनिटं लागतात. आवाज झाला की टपऱ्यांवरची माणसं धावतात, आधी दोन्ही वाहनांकडं एक नजर टाकतात आणि निकाल देतात: मोठ्या गाडीची चूक. पंचनामा, नकाशा, साक्षी हे सगळं मागाहून. ट्रक आणि मोटार असली तर ट्रकची, मोटार आणि मोटारसायकल असली तर मोटारीची, मोटारसायकल आणि सायकल असली तर मोटारसायकलची. सायकल आणि कोंबडी असली तर सायकलची. हे न्यायालय अनेकदा चुकतं, काही वेळा हातही उचलतं, ते अर्थात वाईटच. पण त्याचा पाया चुकीचा नाही. अडचण एवढीच, की अपघात झाल्याशिवाय ते भरत नाही.

जर्मनीनं २०२० मध्ये आणखी पुढं जाऊन मोजमाप ठरवलं. सायकलला ओलांडताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडायचं. ही कल्पना मी फाट्यावर एका पिकअपवाल्याला सांगितली. त्यानं ती शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाला, “आमच्या वाडीचा अख्खा रस्ताच साडेतीन मीटर हाये. दोन मीटर सोडले तर गाडी उसात.” त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ओलांडायचंच कशाला, थोडं मागं राहावं, हा तिसरा पर्याय आमच्या दोघांच्या बोलण्यात शेवटपर्यंत आला नाही. मागं राहणं या तालुक्यात कुणी पर्यायांत धरत नाही.

त्याऐवजी हॉर्न आहे. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये ट्रकमागं ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी केली, पण ज्यांना ते पाठ झालं होतं त्यांना लिहिलेलं लागतंच असं नाही. अगदी कानाशी येऊन वाजवलेल्या हॉर्ननं सायकलवाला दचकतो, आणि दचकलेला माणूस आवाज कुठून आला हे पाहायला मान वळवतो. उजवीकडं मान वळली की हँडलही उजवीकडं येतं. म्हणजे ‘बाजूला हो’ म्हणून दिलेला हॉर्न सायकलला बरोबर गाडीपुढं आणून सोडतो. मग “सायकल मधी आली.” हॉर्न द्यायचाच तर लांबून द्यावा, एकदाच द्यावा आणि त्याच वेळी उजवा पाय जरा उचलावा; जुन्या एसटी ड्रायव्हरांतले कित्येक असं करायचे.

आता सायकलवाल्यांकडं वळू, कारण तेही काही रेड्याइतके निष्पाप नाहीत. उलट्या बाजूनं जाणं हा त्यांचा आवडता अपराध. चौपदरी रस्त्याला दुभाजक आला आणि शेत पलीकडं राहिलं. वळायची जागा बरीच पुढं. पायडल मारणाऱ्याला एकेक किलोमीटर मोजावा लागतो, तेव्हा तो उलटा निघतो. शिवाय त्याच्याकडं समर्थन तयार असतं: “समोरून येणारं दिसतं तरी. मागून येणाऱ्याचा भरवसा काय?” हे समर्थन पायी चालणाऱ्याला शोभतं. सायकलला त्याचा हिशेब उलटा पडतो. साठच्या वेगानं मागून येणारी गाडी पंधरानं जाणाऱ्या सायकलला पंचेचाळीसनं गाठते. पन्नास मीटरवर दिसली तरी ड्रायव्हरच्या हातात चार सेकंद असतात. तीच सायकल समोरून आली की दोन्ही वेगांची बेरीज, पंचाहत्तर. अडीच सेकंदसुद्धा उरत नाहीत. आणि वाडीच्या रस्त्यानं महामार्गावर येणारा मोटारसायकलवाला उजवीकडं पाहतो, कारण गाड्या तिकडूनच यायच्या असतात. डावीकडून घास घेऊन आबा येतील हे त्याच्या कुंडलीत नसतं.

हात दाखवणं ही दुसरी गोष्ट. आबांचा एक हात हँडलवर आणि दुसरा भारा घसरू नये म्हणून मागं. तेव्हा वळायच्या खुणेला उरते फक्त टोपी. टोपी जिकडं वळली तिकडं आबा वळणार, हे गावातल्यांना ठाऊक आहे. नाशिकच्या कंटेनरला कोण सांगणार? शाळा सुटल्यावर मुली तिघी-तिघी शेजारून सायकली चालवतात. एका ओळीत जावं हे त्यांना शिकवलेलं असतं, पण एका ओळीत बोलता येत नाही. त्यांच्यावर रागवायचा मला धीर होत नाही. सायकल मिळाली म्हणून ज्यांची शाळा चालू राहिली अशा मुली या जिल्ह्यात कमी नाहीत, आणि दिवसभरात मनमोकळं बोलायला त्यांना कदाचित हाच रस्ता मिळत असेल. आईबापांनी त्यांना एवढं मात्र सांगावं, की मागून गाडीचा आवाज आला की गोष्ट अर्धी ठेवायची आणि गाडी गेल्यावर पुरी करायची. कानात गाणी घातलेल्या पोरांना ही सूचनाही ऐकू येत नाही. त्यांचं काय करावं मला सुचत नाही.

दिवस असा जातो. खरा प्रश्न अंधार पडल्यावर सुरू होतो, आणि जुन्नर-आंबेगावच्या अंधारात आणखी एक वाहतूकदारही असतो. येडगाव, वडज, माणिकडोह, डिंभे ही धरणं झाली, पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला आणि उसात बिबट्या राहायला आला. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे. वनखातं गावोगाव सांगतं: रात्री एकटं फिरू नका, हातात बॅटरी ठेवा, मोबाइलवर गाणी लावा. ही चेष्टेची गोष्ट नाही, इथं माणसं गेली आहेत. पण त्याचा एक अनपेक्षित फायदा झाला. ज्या सायकलींना पोलिसांच्या दंडानं आणि ट्रकच्या धाकानं कधी दिवा लागला नव्हता, त्यांच्या हँडलला बिबट्यानं बॅटऱ्या बांधायला लावल्या. मोबाइलवर भजन लावून, बॅटरीचा झोत रस्ताभर पाडत घरी निघालेला सायकलवाला बिबट्यापासून किती सुरक्षित असतो ते वनखातं जाणे, पण समोरून येणाऱ्या पिकअपला तो नक्की दिसतो.

बिबट्या स्वतःही दिसतो. त्याच्या डोळ्यांत मागच्या बाजूला प्रकाश उलटा फिरवणारा थर असतो. गाडीचा झोत पडला की उसाच्या कडेला दोन गोळे पेटतात. मांजरीच्या डोळ्यांच्या याच धर्तीवर पर्सी शॉ नावाच्या इंग्रजानं १९३४ मध्ये रस्त्यात बसवायचे चमकते डोळे काढले. आपल्या महामार्गांवर ‘कॅट्स आय’ म्हणतात ते त्यांचेच वंशज. थोडक्यात, निसर्गानं बिबट्याला कंपनीतूनच रिफ्लेक्टर बसवून पाठवलं. उसाच्या ट्रॉलीला तेवढंही नाही. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस, पुढं टेप फुल्ल आवाजात आणि मागं काळोख. रिफ्लेक्टर नियमानं लागतात, हंगाम सुरू झाला की कारखाने आणि पोलीस मिळून ते चिकटवतातही, त्याचे फोटोही छापून येतात. मग चिखल बसतो, पाचट लोंबतं आणि रिफ्लेक्टर उरलेला हंगाम उसाच्या आड काढतो. सायकलींचंही तेच. नव्या सायकलींच्या रिफ्लेक्टरसाठी केंद्रानं २०२० मध्ये गुणवत्तेचा आदेश काढला. आबांची सायकल त्याच्याआधीची, बहुधा आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याच्याही आधीची.

मागं लाल दिवा असावा का, यावर ब्रिटनमध्ये शंभर वर्षांपूर्वी मोठं भांडण झालं होतं. तिथल्या सायकलवाल्यांच्या संघटनेचाच सक्तीला विरोध होता. म्हणणं असं, की मागून येणाऱ्यानं पुढं पाहून चालवावं. पाहणं हे त्याचं काम. आम्ही दिवा लावायला लागलो की उद्या दिवा विझलेल्याला उडवणारा म्हणेल, दिवा नव्हता, माझी काय चूक? पुढं दिवा सक्तीचा झालाच. विचारानं मी त्या विरोध करणाऱ्यांच्या बाजूचा आहे. पण रात्री आणे घाटाच्या उतारावर मला सायकल चालवायची वेळ आली, तर मी दोन दिवे लावीन आणि विचार खिशात ठेवीन.

मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून गेले. आता सामान्य माणसाला लाल दिवा मिळायचा तर सायकलच्या मागच्या मडगार्डावरच. हा मुद्दा फाट्यावरचा एक सायकल दुकानदार गिऱ्हाइकाला पटवताना मी ऐकला. गिऱ्हाईक म्हणजे पहाटे अंधारात डेअरीला दूध घालणारे आणि येताना वाढ्याचा भारा आणणारे एक तात्या. दुकानदारानं दिवा लावून दाखवला. तात्यांनी तो उलटसुलट पाहिला.

“मडगार्डाला लावला तर वाढ्यानं झाकंल की.”

“मग भाऱ्याला बांधा.”

“म्हैस खाईल.”

दुकानदारानं विचार केला आणि दिवा तात्यांच्या शर्टाच्या कॉलरला मागून अडकवला. बटण दाबलं. तात्यांनी मान उजवीकडं वळवून पाहिलं, डावीकडं वळवून पाहिलं.

“पेटलाय का?”

“पेटलाय की.”

“मला तर काय दिसंना.”

“तुम्हाला नाय दिसायचा तात्या. मागच्याला दिसतो.”

“मग पैशे मागच्याकडनं घे,” तात्या म्हणाले आणि सायकलचा स्टँड काढला.